सल्ला हवा: ऑक्टोबरात कास-महाबळेश्वर, सोबत सासरे आणि दोन मुलं

गावभाग_सांगली
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण: सासरे (वय ७२, गुडघे दुखतात, पायऱ्या जमत नाहीत), नवरा, मी आणि ११ व ६ वर्षांची मुलं. गाडी घरची. तीन मुक्काम करता येतील. यंदा, म्हणजे २०२५ ला, कोजागरी सोमवारी, ६ ऑक्टोबरला आहे. तेव्हा शाळा बुडवून जावं की दिवाळीच्या सुट्टीत, ते ठरत नाहीये. महाबळेश्वर आम्ही एकदाच पाहिलंय, तेही मे महिन्यात. या पॉइंटवरून त्या पॉइंटवर पळण्यातच दोन दिवस गेले.

सासूबाई गेल्यापासून तीन वर्षं सासरे कुठंच बाहेर पडले नव्हते. परवा जेवताना स्वतःहून म्हणाले, "चला की कुठंतरी." म्हणून ही सहल नीट व्हावी असं फार वाटतंय. मुलांना कासची फुलं आणि शेतातली स्ट्रॉबेरी, दोन्ही हवंय. काय करावं, काय टाळावं, मनापासून सांगा.

यवतेश्वर_घाट
ताई, शाळा बुडवा. आमच्याकडं ऑक्टोबरची सुरुवात आणि शेवट यांत फार फरक असतो. पहिल्या आठवड्यात कासवर फुलं असतात. पंधरा तारखेनंतर गवत पिवळं पडायला लागतं. दिवाळीच्या सुट्टीत फुलं बघायला आलेली माणसं मी दरवर्षी हिरमुसून परत जाताना बघतो.

तुम्ही याल तेव्हा तेरड्याचा गुलाबी भर ओसरलेला असेल, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. पण पिवळी सोनकी आणि कवला भेटेल, पांढरे गेंद भेटतील. ओलसर जागी वाकून बघितलंत तर सीतेची आसवं दिसतील. हे इवलंसं निळंजांभळं फूल मुलांना जरूर दाखवा, कारण ती वनस्पती कीटकभक्षी आहे. कासवर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम पातळ थर असतो, त्यात नत्र कमी. म्हणून ती पाण्यातले सूक्ष्म जीव मुळांसारख्या धाग्यांवरच्या बारीक पिशव्यांत ओढून घेते आणि त्यावर जगते. माझ्या भाच्यानं हे ऐकलं आणि तासभर जागचा हलला नाही.

पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे (पश्चिम घाटातल्या ठिकाणांबरोबर), रोज किती माणसं सोडायची यावर मर्यादा आहे. ऑनलाइन नोंदणी करूनच या. शनिवार-रविवार नको. सकाळी लवकर पोचा, दुपारनंतर परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही आणि पठारावर आडोसा नाही. काकांना आखलेल्या वाटेनं जमेल तेवढं चालू द्या, बरोबर घडीची छोटी खुर्ची ठेवा. कुमुदिनी तळ्यापर्यंतची चाल त्यांना नको.

जावळीचा_माणूस
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण कास बघून तिथूनच माघारी फिरू नका. तोच रस्ता पुढं बामणोलीला उतरतो. खाली शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं पाणी. ऑक्टोबरात ते काठोकाठ असतं आणि डोंगर अजून हिरवे असतात. माझ्या मते आख्ख्या जिल्ह्यात या दिवसांत याहून सुंदर जागा नाही. धरण झालं तेव्हा या खोऱ्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली, आमच्या आजोळचं जुनं घरसुद्धा. तिथल्या नावाड्यांशी बोललात तर कुठं काय होतं ते बोटानं दाखवतील.

कोजागरीची रात्र इथंच काढा. काठावर घरगुती राहण्याची सोय होते. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा मिळेल, आणि चंद्र पाण्यावर उगवेल. आटवायचं दूध आणि साखर मात्र साताऱ्याहूनच घ्या. बोट दिवसाच करा. सगळ्यांनी जॅकेट घातल्याशिवाय बोट हलू देऊ नका, धाकट्याच्या मापाचं नसेल तर दुसरी बोट बघा.

सह्यभ्रमंती
मुक्कामाबद्दल एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन पाचगणीला गेलो होतो. फोनवर "सगळी सोय आहे" म्हणाले, प्रत्यक्षात खोली दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. आई दोन दिवस जेवायलासुद्धा खाली उतरली नाही. तेव्हा खोली तळमजल्यावरचीच का, कमोड आहे का, गाडीपासून दारापर्यंत पायऱ्या किती, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागवा.

स्ट्रॉबेरीचं मुलांना खरं सांगून टाका. ऑक्टोबरात शेतात नुकती लावलेली रोपं दिसतील, फळ नोव्हेंबरअखेर, खरं तर डिसेंबरपासून. तेव्हा बाजारात जे काही दिसेल ते ताजं म्हणून घेऊ नका. त्याऐवजी मांघरला न्या. महाबळेश्वर तालुक्यातलं हे गाव २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. पोळ्याच्या पेट्या जवळून बघता येतात.

वेण्णाकाठी
सगळेच पॉइंट वाईट नसतात हो. पावसाळाभर जे धुक्यात बुडालेलं असतं, ते ऑक्टोबरातच पहिल्यांदा नीट दिसतं, हवा धुतलेली असते. दोनच निवडा. केट्स पॉइंटवरून धोम धरणाचं पाणी दिसतं. आणि विल्सनला सूर्योदय. स्वेटर हवाच, तुमच्याकडं 'ऑक्टोबर हीट' असली तरी इथं पहाटे हात गारठतात. बाकीचे पॉइंट सोडलेत तरी काही बिघडत नाही.

प्रतापगड मात्र या खेपेला नको, पायऱ्या खूप आहेत.

गावभाग_सांगली
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! कोजागरी पक्की. आता दोन शंका. धाकटीला घाटात उलट्या होतात, काय करावं? आणि नवऱ्याला थोरल्याला घेऊन वासोटा किल्ला करायचाय, बामणोलीहूनच बोट जाते म्हणे. आम्ही तिघं काठावर थांबू.

जावळीचा_माणूस
वासोटा या वेळी नको. ते कोयना अभयारण्य आहे, पावसाळ्यात बंद असतं, उघडल्यावरही वनखात्याची परवानगी लागते. बोटीचा प्रवास, चढ-उतार आणि परत बोट, यात आख्खा दिवस जातो. ओल असेपर्यंत रानात जळवा असतात. ११ वर्षांचा मुलगा चढेल, त्याचा प्रश्न नाही. पण सासरे तीन वर्षांनी बाहेर पडलेत आणि मुलगा-नातू दिवसभर रेंजबाहेर, हे बरं वाटत नाही. डिसेंबरात बापलेकांना वेगळं पाठवा.

सह्यभ्रमंती
धाकटीला घाटाआधी पोटभर खायला देऊ नका, मोबाइल हातात नको, खिडकी उघडी, तोंडात आलेपाक. पसरणी घाटात मध्ये थांबायला जागा आहे, तिथं पाच मिनिटं उतरवा.

पुस्तकवेडी_वाई
अजून कुणी भिलारचं नाव कसं घेतलं नाही? पाचगणी-महाबळेश्वरच्या मध्ये आहे, ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव'. लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत विषयवार मराठी पुस्तकं मांडलेली आहेत. कुणाच्याही घरात जाऊन बसायचं आणि वाचायचं. कथा एका घरी, कविता दुसऱ्या, बालसाहित्य तिसऱ्या. काकांना वाचनाची आवड असेल तर अर्धा दिवस तिथंच ठेवा, बाकी काही बघू नका.

गावभाग_सांगली
सासरे माध्यमिक शाळेत तीस वर्षं मराठी शिकवत होते! आत्ताच त्यांना वाचून दाखवलं. "कवितेचं घर कुठलं ते विचारून ठेव" म्हणाले.

कराड_प्रीतिसंगम
मी कालपासून वाचतोय, आता राहवत नाही म्हणून लिहितो. तुम्ही गावभागातल्या, म्हणजे कृष्णेच्या काठच्या. २०१९ च्या पुरात तिचं पाणी तुमच्याकडं कुठवर आलं ते तुम्हाला मी सांगायला नको. मग काकांना तिचा उगम दाखवा. क्षेत्र महाबळेश्वरला, बाजारपेठेपासून पाचसहा किलोमीटरवर, पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचा उगम तिथं मानतात. पाणी गोमुखातून पडतं. ओंजळीत मावेल एवढी धार.

आणि परतताना तिच्या काठानं या. वाईला घाटावर ढोल्या गणपतीशी थांबा. साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा तिला मिळते. कराडला प्रीतिसंगमावर कोयना येऊन मिळते, तीच कोयना जिच्या पाण्यावर तुम्ही कोजागरी केलेली असेल. सकाळी देवळात शेजारी शेजारी बघितलेल्या नद्या दिवसभर वाटेत एकेक करून भेटत जातात. मी वडिलांना असंच नेलं होतं. कराडला पोचेपर्यंत ते फारसं बोलले नाहीत, पण संगमावर बसून त्यांनी लहानपणीच्या गोष्टी सुरू केल्या त्या अंधार पडेपर्यंत.

गावभाग_सांगली
तुमचा प्रतिसाद वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. सासूबाईंच्या अस्थी आम्ही कृष्णेतच सोडल्या. हे इथं लिहिणार नव्हते.

ठरलं ते असं. रविवारी साताऱ्यात मुक्काम, सोमवारी सकाळी कास, मग बामणोली आणि कोजागरी. मंगळवारी वाईवरून पसरणी चढून पाचगणी, वाटेत थांबे धाकटीच्या मर्जीनं, दुपार भिलारला. बुधवारी पहाटे विल्सन, मग पंचगंगा, आणि तिथून नदीच्या काठानं घरी. केट्स पॉइंट वेळ उरला तर. वासोटा डिसेंबरात, नवऱ्यानं कुरकुरत का होईना मान्य केलंय. मांघर आणि स्ट्रॉबेरीसुद्धा त्याच फेरीत.

आता एकच विचारते: पंचगंगेच्या देवळात गोमुखापर्यंत पायऱ्या किती आहेत?

वेण्णाकाठी
थोड्याच आहेत, पण दगड ओला आणि गुळगुळीत असतो. चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा काकांच्या एका बाजूला नवरा आणि एका बाजूला थोरला असू द्या. सकाळी आठच्या आत गेलात तर गर्दी नसते, सावकाश उतरता येईल. आणि एक रिकामी बाटली बरोबर ठेवा, काका पाणी घरी न्यायचं म्हणतील.