बेने इस्राएलांचे ज्यूपण ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

अष्टागर
कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शब्बाथला काम बंद ठेवत असल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल कित्येक पिढ्या रब्बींवाचून, म्हणजे ज्यू धर्मगुरूंवाचून, आणि तलमूद या धर्मग्रंथावाचून ज्यू राहिले. आठव्या दिवशीची सुंता, पर व खवले नसलेल्या माशांचा निषेध आणि ‘शमा’ या प्रार्थनेचे पठण एवढ्यावर त्यांचा धर्म टिकला. इस्राएलच्या स्थापनेनंतर त्यांच्यापैकी बरेच जण तिकडे गेले. १९६२ साली तिथल्या प्रमुख रब्बिनेटने, म्हणजे रब्बींच्या सर्वोच्च धर्मपीठाने, विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना दिली, की या समाजाच्या वधूवरांची आईकडची वंशावळ शक्य तितकी मागे जाऊन तपासावी. हलाखा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्र, सांगते की विधिवत घटस्फोटपत्र न घेता पुनर्विवाह केलेल्या स्त्रीच्या त्या संबंधातील संततीला समाजात विवाह करता येत नाही. आणि कोकणात हे नियम ठाऊक नसल्यामुळे वंशात असा दोष शिरला असावा, असा संशय होता. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले, तेव्हा रब्बिनेटने सूचनेतून समाजाचे नाव वगळले. माझ्या मते, हाती ग्रंथ नसताना ज्यांनी आचरण सोडले नाही, त्यांच्या अस्सलपणाला ते आचरणच पुरेसे प्रमाण आहे.

तराजू
मी असहमत आहे. रब्बिनेटने या समाजाचे ज्यूपण नाकारले नव्हते. त्यांच्याशी विवाह करता येतो, हे १९६१ मध्येच मान्य झाले होते. प्रश्न विशिष्ट व्यक्तीच्या वैवाहिक पात्रतेचा होता, आणि तो श्रद्धेच्या तीव्रतेवरून सुटत नाही. एखादी स्त्री कितीही मनोभावे प्रार्थना करत असली, तरी पहिला विवाह विधिवत सुटलेला नसेल तर शास्त्राच्या दृष्टीने ती विवाहितच राहते. हा नियम कठोर आहे, हे मान्य. पण संसदेने ठराव करून धार्मिक दर्जा ठरवावा, हे मला त्याहून अधिक धोक्याचे वाटते.

दर्यावर्दी
माझे घराणे याच समाजातले. आमचे शास्त्र वापरायचे तर पूर्ण वापरा. तलमुदातील ‘किद्दुशिन’ या भागात कुटुंबे निर्दोष असल्याचे गृहीत धरण्याचे तत्त्व आहे, आणि जे कुटुंब समाजात मिसळून गेले ते मिसळले, असेही तिथेच म्हटले आहे. ही सवलत आम्हाला का मिळू नये? शिवाय कोकणात शेजारच्या हिंदूंप्रमाणे आमच्यातही घटस्फोट आणि विधवाविवाह कमीच होत, त्यामुळे दोषाची शक्यताही तितकीच कमी होती. (एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने होणाऱ्या आमच्या मलिदा या नैवेद्यविधीलाही कोणी उसना म्हणते. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे मांडून त्यांवर आम्ही म्हणतो ते आशीर्वचन हिब्रूच असते.)

चिकित्सक
शुद्धतेची चौकशी फक्त जेरुसलेमच्या कचेरीत झाली, असे मात्र समजू नये. मुंबईतील बगदादी, म्हणजे बगदाद व आसपासच्या प्रदेशांतून आलेल्या, ज्यूंपैकी अनेकांनी बेने इस्राएलांना प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांत मोजण्यास नकार दिला होता, आणि खुद्द बेने इस्राएलांत ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद होता. काळे म्हणजे ज्यांच्या पूर्वजांत आई ज्यू नव्हती असे मानले जाई ते. गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत. हा भेद कोणत्याही रब्बीने लादलेला नव्हता.

दर्यावर्दी
हे खरे आहे आणि लाजिरवाणेही आहे. पण समाज तिथेच थांबला नाही. १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन उभी राहिली, आणि काळानुसार धर्माचा अर्थ लावण्याचा उदारमतवादी विचार आमच्यापर्यंत आला. तो स्वीकारणाऱ्यांना मी कमी ज्यू मानत नाही, आणि मी स्वतः सनातनी सिनेगॉगमध्ये जात असलो तरी हेच म्हणेन.

तराजू
‘किद्दुशिन’चा मुद्दा बिनतोड आहे, रब्बिनेटने तो या समाजाबाबत पुरेसा लावला नाही आणि सूचनेत एका समाजाचे नाव घालून अन्याय केला, एवढे मी मान्य करतो. इस्राएलमध्ये १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवले नसते, तर ही तपासणी श्रद्धावंतांपुरतीच राहिली असती. आजही तिथे नागरी विवाहाची सोय नसल्यामुळे अनेक जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात. परंतु गोरे-काळे भेदाकडे नीट पाहिले तर नियम रूढीपेक्षा उदार दिसतो. हलाखाप्रमाणे विधिवत धर्मांतर केलेला मनुष्य पूर्ण ज्यू होतो आणि त्याला त्याच्या मुळाची आठवण करून देऊन दुखावणे निषिद्ध आहे. काळ्यांना तो मार्ग शास्त्राने दिला असता; रूढीने दिला नाही. आचरण हेच प्रमाण, असे अष्टागर म्हणतात, तर सोयरीक नाकारण्याचे ते आचरणही प्रमाण मानायचे का, याचे उत्तर त्यांनी द्यावे.