सेक्स्टंट (क्षितिजापासून सूर्याची उंची मोजून समुद्रात आपण कुठे आहोत ते काढायचं यंत्र) वापरलेलं कोणी आहे का? मदत हवी आहे

मंडळी, मर्चंट नेव्हीतलं कोणी असेल तर सांगा प्लीज. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या शॅकल्टनचं वाचतोय. त्याचं जहाज बर्फात चिरडून बुडालं, मग एप्रिल १९१६ मध्ये २२ जणांना एलिफंट बेटावर ठेवून शॅकल्टन धरून ६ जण साडेबावीस फुटी होडीतून साउथ जॉर्जिया बेटाकडे निघाले, हजार किमीच्या वर अंतर, १६ दिवस, आणि दिशा-ठिकाण काढणाऱ्या वर्स्लीला (जहाजाचा कप्तान) सूर्य दिसला म्हणे जेमतेम चार वेळा, तेही दोघांनी वर्स्लीला धरून ठेवायचं तेव्हा कुठे सेक्स्टंटचं रीडिंग मिळायचं. होडी एवढी हेलकावतेय तर क्षितिज नक्की कुठलं धरतात? आणि मधल्या दिवसांत नुसत्या वेग-दिशेच्या अंदाजावर एवढंसं बेट सापडतं कसं?? पुढे बुटांना स्क्रू मारून डोंगर ओलांडला ते एकवेळ झेपलं, पण हे गणित नाही झेपत बुवा.