एका हातानं रिव्हॉल्व्हर: बोअर कुठलं आणि भरायचं कसं?

कृष्णाकाठ (कराड)
काल इथं एका शहाण्यानं लिहिलं, 'एका हाताच्या माणसानं रिव्हॉल्व्हरच्या नादी लागू नये. हौसच असेल तर .२२ बोअरचं, म्हणजे बारीक भोकाच्या नळीचं, घ्यावं आणि भरून द्यायला गडी ठेवावा.' वाचून डोकंच फिरलं. माझा डावा हात मनगटापासून कडबाकुट्टीत गेलाय. गड्याच्या हातात हत्यार दिलं तर परवाना काय ह्यांचा जाणार?

नेम धरायला दुसरा हात लागतोच कुठं? आंतरराष्ट्रीय पिस्तूल स्पर्धांत नियमच एका हाताचा. हंगेरीच्या कारोली ताकाचचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्बनं निकामी झाला. गडी डाव्या हातानं शिकला आणि १९४८ ला लंडनला, १९५२ ला हेलसिंकीला ऑलिंपिक सुवर्ण घेऊन गेला. आपली अडचण भरायची आहे, मारायची नाही. त्यावर माझं उत्तर एकच: .३२ चं, मधून मोडणारं (नळी आणि काडतुसांची फिरती चक्री बिजागरीवर खाली झुकते असं), कानपूरच्या कारखान्याचं. उघडायचा खटका अंगठ्यानं दाबायचा, नळीची वरची बाजू टेबलाच्या कडेला लावून रेटायची, रिकाम्या पुंगळ्या आपोआप बाहेर. मग नळी लाकडी ठोकळ्याच्या भोकात उभी करायची, चक्री वर, आणि सहा काडतुसं सावकाश घालायची.

मोजकं_बोलतो (सांगली)
तो शहाणा मीच. ताकाचच्या हातात पिस्तूल होतं, भरलेलं मॅगझिन (काडतुसांची पेटी) मुठीत सरकवायचं काम. रिव्हॉल्व्हरशी त्याचा काय संबंध? .२२ मी उगाच म्हणालो नाही. धक्का नसल्यात जमा, ईशापूरच्या कारखान्याच्या 'निडर' रिव्हॉल्व्हरमध्ये आठ काडतुसं बसतात, वजन पाव किलोच्या घरात. एका हाताला आणखी काय हवं?

कृष्णाकाठ
.२२ चं काडतूस कधी घामेजल्या बोटांनी भरलंय का? शेंगदाण्याएवढं. एका हाताला ते चिमटीत धरून फिरवायचं म्हणजे निम्मी खाली सांडतात. शिवाय कडेवर ठोका बसणारं काडतूस, मधल्या टोपीच्या काडतुसापेक्षा फुसकं निघायची भीती जास्त. आणि पिस्तुलाचं म्हणाल तर फुसका बार निघाला की स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढा. एका हातानं? रिव्हॉल्व्हरला चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस हजर.

नेमबाज_ताई (सातारा)
काडतुसाचा आकार कुणीच बोलत नाहीये. .३२ लाँग काडतुसात सपाट तोंडाचं वॉडकटर येतं, २५ मीटर सेंटरफायर (मधल्या टोपीच्या काडतुसांच्या) स्पर्धेला तेच वापरतात. कागदावर भोक सुरेख पडतं. पण गोळी पुंगळीच्या तोंडाबरोबर सपाट, त्यामुळं चक्रीच्या कडेला अडखळतं. दोन हातवाल्याला फरक पडत नाही, तुम्हाला पडेल. गोल तोंडाचं घ्या, आपोआप घरात घसरतं. आणि हलकं हत्यार म्हणजे सोपं, हा गैरसमज सोडा. जेवढं हलकं तेवढा धक्का मनगटाला.

डावखुरा_मिरज
तुमच्याकडं निदान उजवा हात आहे हो. मला अर्धांगवायूनंतर डावाच राहिला. कानपुरी रिव्हॉल्व्हरचा खटका डाव्या अंगाला, उजव्या अंगठ्यासाठी. २०२३ ला 'प्रबल' नावाचं रिव्हॉल्व्हर आलं, चक्री बाजूला पडणारं, म्हणून बघितलं. तिथंही चक्री डावीकडेच पडते. खटका तर्जनीनं दाबा, चक्री ढकला, मग हत्यार छातीशी धरून पुंगळ्यांचा दांडा दाबा. आमचा विचार कुणी करतच नाही.

आबा_फौजी (अपशिंगे)
दोघंही ऐका. मोडणारं रिव्हॉल्व्हर भीतभीत हळू उघडलंत तर पुंगळीची कड एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या, चांदणीखाली जाते, आणि ती एका हातानं काढताना आजी आठवते. झटक्यात उघडा. पण खरी अडचण भरायची नाहीच, हत्यार घरात राहायची आहे! २०२४ ला लोकसभेच्या निवडणुकीला ठाण्यात जमा करा, नोव्हेंबरात विधानसभेला परत जमा करा, मग पालिका. माझं हत्यार ठाण्यातनं परत आलं तेव्हा नळीत गंज. सहीला मात्र तीनदा बोलावलं.

मोजकं_बोलतो
आबा, विषय काय, तुम्ही बोलताय काय?

ऊसवाला (वाळवा)
बोलू द्या की आबांना! आमच्या गावात रानडुकरं ऊस लोळवत्यात आणि बंदूक ठाण्यात. डुकराला आचारसंहिता कळती का? आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं तीन हत्यारांची मर्यादा दोनवर आणली. आजोबांची बारा बोअर द्यावी लागली.

नेमबाज_ताई
त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं केली, तेवढं सोडून बाकी सगळं आठवतं तुम्हाला. निवडणुकीत दहशत नको म्हणून जमा करतात. आमच्या भावकीत एका मतदानाच्या रात्री हवेत बार काढलेला मी बघितलाय, त्यामुळं मला ते पटतं.

ऊसवाला
तुमच्या भावकीपायी आमच्या उसाला शिक्षा का?

आबा_फौजी
ताई, पलटणीत हत्यार सांभाळण्यात उमर गेली माझी, मला दहशतवाला समजू नका. जमा करा, पण तेल लावून ठेवा एवढंच मागणं. जमा करताना पावतीवर हत्याराची अवस्था लिहून घ्या, एका हाताचे असाल तरी तेवढं लिहिता येतं.

डावखुरा_मिरज
मला नाही येत, उजव्या हातानं लिहायचो. आबा, जीभ सांभाळा.

आबा_फौजी
चुकून बोललो. पण नियम चुकलेलाच आहे.

मोजकं_बोलतो
मूळ मुद्द्यावर येऊ का? कृष्णाकाठ, परवा तुम्हीच कुठंतरी लिहिलंत की घाई असली तर नळी मांडीवर दाबून मोडतो. भरलेलं हत्यार मांडीवर? वा! एक हात गेला, आता पायाचा नंबर का?

कृष्णाकाठ
रिकामं करताना दाबतो, भरलेलं नाही.

नेमबाज_ताई
सहा बार काढले असं वाटतं आणि पाचच उडालेले असतात. रेंजवर कुणी मांडीवर मोडताना दिसलं तर मी हत्यार काढून घेते, हात किती आहेत ते विचारत नाही. ठोकळा चांगला आहे. बांधावर तो नसेल तर भरूच नका.

कृष्णाकाठ
बरं, मांडी बंद. पण .२२ चं मान्य करा की राव.

मोजकं_बोलतो
बोटांत धरायचं मान्य. म्हणजे तुमच्यासारख्या जाड बोटांना. धक्क्याचं मान्य नाही, अर्धांगवायू झालेल्या मिरजकरांना मी अजूनही .२२ च सांगेन. ठोकळा कुठल्या लाकडाचा केलात?

कृष्णाकाठ
बाभळीचा. भोकात आतून नमदा चिकटवलाय, नाहीतर नळीच्या तोंडावर चरे पडतात. गडी ठेवा म्हणालात ते मागं घेताय का?

मोजकं_बोलतो
घेतो. आबा, जमा करायच्या भांडणाचा वेगळा धागा काढा आता.

आबा_फौजी
काढणार नाही. इथंच बोलणार.