मदत हवी आहे : ऑटिझम असलेल्या मुलाला ओसीडीही (मंत्रचळ, म्हणजे मनाविरुद्ध तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणं) आहे का, नाशिकमध्ये कोण तपासेल?

मुलगा १० वर्षांचा. ऑटिझमचं निदान चौथ्या वर्षी झालं. छोटी वाक्यं बोलतो, तीही फक्त मराठीत. दिवाळीनंतर नवीनच सुरू झालंय: सारखे हात धुणं, रात्री गॅसचं बटण पाच-सहा वेळा बघून येणं, शाळेची रिक्षा आली की पोट दुखणं. फिरत्या पंख्याकडे बघत बसणं त्याचं जुनंच, त्यात तो खूश असतो. हात धुताना मात्र रडतो, थांबवलं तर आणखीच. म्हणून मला हे वेगळं वाटतंय. एका डॉक्टरांनी ‘ऑटिझममध्ये असं असतंच’ म्हणून दोन मिनिटांत विषय संपवला.

बालरोगतज्ज्ञांकडून पोट, दात, कान तपासून झालं, काही निघालं नाही. शाळेत कोणी त्रास देत नाही (असं बाई म्हणतात). ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आठवड्यातून दोनदा चालू आहे. चित्रांचं वेळापत्रक लावल्यावर सकाळ जरा सुधारली, रात्र नाही. टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर फोन केला, त्यांनीही बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हटलं. औषध कुठलंच चालू नाही. लागलं तर आमची ना नाही, पण आधी नीट तपासणी हवी.

राहतो सिडकोत. पुण्याला महिन्यातून एकदा जमेल, दर आठवड्याला नाही. गर्दीच्या ओपीडीत तो दहा मिनिटांत कान झाकून बाहेर पळतो, त्यामुळे वेळ ठरवून बघणारे हवेत.

कमी बोलणाऱ्या मुलांमधली चिंता किंवा ओसीडी ओळखणाऱ्या नाशिकमधल्या बालमानसोपचारतज्ज्ञांचा कुणाला स्वतःचा अनुभव आहे का? आणि चित्रं वापरून, मराठीतून सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) घेणारं इथे कुणी आहे का?