मदत हवी आहे: अपेक्षांच्या ओझ्यावरचा अभंग चौथ्या चरणात अडतोय

मंडळी, बारावीच्या निकालाआधी घरात जो ताण असतो त्यावर मोठा अभंग लिहायला घेतलाय. 6-6-6-4 अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक:

नव्वद टक्क्यांचा । घरी एक घोष ।
पाच कमी, दोष । कोणाचा तो ॥

पुढे 'इंजिनिअरिंग' एकटंच सहा अक्षरं खातं, क्रियापदाला जागा उरत नाही. शिवाय चार अक्षरांच्या शेवटात सूर उपदेशाचा होतो आणि आईवडील खलनायक वाटतात. कुर्ल्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यासाचा कोपरा राखणारीही तीच माणसं, हे कवितेत यायलाच हवं.

शेवटचा चरण प्रश्नच ठेवू, की तिथे लोकलचा पास, क्लासची पावती अशी वस्तू आणू? आईचं बोलणं मध्येच ओवीत घेतलं तर लय मोडेल का? एखादं कडवं बांधून दाखवाल?