मुलाचा बुद्ध्यांक ८२ आला. ही मोजणी मुळात कुणाची?

सांगलीकरीण :
मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. वाचताना अडखळतो, तेराच्या पाढ्याला गाडी थांबते. पण सायकलची चेन पडली की गल्लीतली पोरं ह्यालाच हाक मारतात. शाळेनं 'आयक्यू करून आणा' म्हणून सांगितलं. केलं. दीड तास तो आत आणि मी बाहेर बाकड्यावर. कागदावर आलंय : बिने-कामत चाचणी, बुद्ध्यांक ८२. खाली आणखी एक ओळ आहे, ती इथं लिहवत नाही. सासूबाई म्हणाल्या, "डोकं काय शेर-पायलीनं मोजतात होय?" नवरा म्हणतो शास्त्र आहे, मोजत असतील. मला दोघांचंही पटेना. बिने कोण, कामत कोण, आणि ८२ हे शंभरपैकी का? उपाय नकोत, ते सांगणारे घरात भरपूर आहेत. ही भानगड आली कुठून तेवढं सांगा.

ठोकळेवाल्या_बाई :
एकतीस वर्षं ह्याच चाचण्या घेऊन निवृत्त झाले, म्हणून जरा लांबण लावते.

८२ हे शंभरपैकी नाहीत. ह्या चाचणीत प्रश्नांचे गट असतात, एकेक गट एकेका वयाचा. तुमच्या मुलाच्या आसपासच्या गटांत सहा-सहा प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला दोन महिने. मिळालेले महिने जोडले की मानसिक वय निघतं. त्याला खऱ्या वयानं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. मुलगा बरोब्बर नऊचा धरला, म्हणजे १०८ महिन्यांचा, तर त्याला ८८-८९ महिने मिळालेत. म्हणजे शंभरात आणि ८२ मध्ये अंतर आहे दहाएक प्रश्नांचं. सकाळी न खाता आलेलं पोर तीन प्रश्न सहज घालवतं, आणि तीन प्रश्न म्हणजे साडेपाच गुण. मी स्वतः पोरांना आधी बिस्किटं द्यायचे, मग पेटी उघडायचे.

आता बिने. आल्फ्रेड बिने, पॅरिसचा. फ्रान्सनं १८८२ साली शाळा सक्तीची केली, त्यामुळे पूर्वी जी मुलं शाळेत आलीच नसती ती वर्गात येऊन बसली आणि मागे पडणारी मुलं डोळ्यांवर आली. डॉक्टर एक शिक्का मारायचे, मास्तर दुसरा, तोही अंदाजानं. १९०४ मध्ये सरकारनं समिती नेमली. बिने त्या समितीत होता. त्यानं आणि थिओडोर सिमोननं १९०५ मध्ये तीस कामांची यादी केली. पेटत्या काडीमागे नजर फिरते का, इथून सुरुवात. पुढं चित्रातल्या वस्तू दाखवणं, वजनांतला फरक ओळखणं, आकडे ऐकून परत म्हणणं. स्वतःच्या दोन मुलींना खेळवता खेळवता त्यानं बरंच टिपलं होतं. १९०८ मध्ये त्यानं ही कामं वयाप्रमाणे लावली.

आणि तुमच्या कागदावरचा भागाकार? तो बिनेनं केलेलाच नाही. १९११ मध्ये तो वारला, आणि पुढच्या वर्षी जर्मनीतल्या विल्यम स्टर्ननं मानसिक वयाला खऱ्या वयानं भागलं. बिनेला अशा एका आकड्याची धास्तीच होती. बुद्धी जन्मतः ठरलेली, ती वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर त्यानं १९०९ मध्ये चांगलेच कोरडे ओढले होते. मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यानं सराव बसवले होते, त्यातला एक म्हणजे पोरांनी पुतळ्यासारखं स्तब्ध उभं राहायचं. आपला 'स्टॅच्यू'च की! लक्ष एकवटायचं वळण लागावं म्हणून.

पुढं लुईस टर्मननं १९१६ मध्ये स्टॅनफर्डला ही चाचणी वाढवली आणि भागाकार पक्का केला. त्याच वळणावर व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी चाचणी बेतली. त्यांचं पुस्तक १९४० चं. काम धारवाडकडचं, म्हणजे तुमच्या सांगलीहून लांब नाही. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं.

एक गोष्ट तुमच्या मनाविरुद्ध जाईल, तरी सांगते. चाचणी जुनी म्हणून ती मुलाला कमीच लेखते असं धरू नका. जेम्स फ्लिन ह्यांनी १९८४ आणि १९८७ मध्ये दाखवलं की पिढीगणिक गुण वाढत गेलेत, त्यामुळे जुन्या मापानं उलट जास्तच भरतात. पण प्रश्नांची भाषा घरातल्या भाषेहून वेगळी असली की गुण खालीही येतात. दोन्ही चुका एकाच कागदावर असू शकतात.

एडिसनकर (न्यू जर्सी) :
बाईंनी गोड बाजू सांगितली, कडू मी सांगतो. इथून दोनेक तासांवर व्हाइनलँड नावाचं गाव आहे. तिथल्या मतिमंद मुलांच्या संस्थेत हेन्री गॉडर्ड हा मानसशास्त्रज्ञ होता. बिनेची चाचणी १९०८ मध्ये अमेरिकेत आणली ती त्यानं. 'मोरॉन' ही शिवी नव्हे, तो गॉडर्डनं १९१० मध्ये घडवलेला शास्त्रीय शब्द आहे. मानसिक वय आठ ते बारा, की मोरॉन.

तिथं एमा वोल्व्हर्टन नावाची मुलगी १८९७ मध्ये आली, आठ वर्षांची. १९१२ मध्ये गॉडर्डनं तिच्या खानदानावर पुस्तक काढलं. तिचं नाव बदललं, आणि बुद्धिमांद्य रक्तातून कसं उतरतं ते 'सिद्ध' केलं. ही बाई उत्तम सुतारकाम करायची, शिवणकामात हात बसलेला. तरी चाचणीत नापास. १९७८ मध्ये वारली तोवर अशा संस्थांतच होती. एक्याऐंशी वर्षं.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सतरा लाखांवर सैनिकांच्या चाचण्या झाल्या, आणि ते आकडे बाहेरून येणाऱ्यांवर बंधनं घालणाऱ्या १९२४ च्या स्थलांतर कायद्याच्या बाजूनं वादात वापरले गेले. गॉडर्डनं १९२८ मध्ये आपली मतं बरीच मागे घेतली, पण कायदा झाला तो झालाच. सायकलच्या चेनचं वाचलं आणि मला एमाच आठवली. माफ करा, तुम्हाला घाबरवायचं नव्हतं.

पेठी_खवट :
आमच्या वेळी ही चाचणी मास्तर टपलीत घ्यायचे. निकाल लगेच.

ठोकळेवाल्या_बाई :
खवट, तुमचा निकाल काय लागला ते दिसतंय.

एडिसनकर, तुमचं व्हाइनलँड आपल्याकडंही आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी 'व्हीएसएमएस' (व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल) मागतात, त्यातला 'व्ही' म्हणजे हेच गाव. एडगर डॉलनं १९३५ मध्ये तिथं ती मोजपट्टी केली आणि नागपूरच्या मॅलिन ह्यांनी इथल्यासाठी बेतली. ती मला जास्त आवडायची, कारण तिच्यात पोराला कोडी घालत नाहीत. आईला विचारतात, हा स्वतः जेवतो का, दुकानातून वस्तू आणतो का.

सांगलीकरीण, जिथं चाचणी झाली तिथं फोन करा आणि कोणत्या गटातले कोणते प्रश्न गेले ते विचारा. प्रश्न देणार नाहीत, पण प्रकार सांगतील. वाचलेले शब्द गेले, का ऐकलेले आकडे, का चित्रं? टर्मननं चार आकडे उलटे म्हणायचं काम नऊ वर्षांच्या गटात ठेवलं होतं. तुमचा पाढ्याला अडतो, म्हणून मी आधी तेच बघितलं असतं.

सांगलीकरीण :
बाई, रात्रीच्या जेवणाला करून बघितलं. मी ३-७-४ म्हटलं की त्यानं ४-७-३ म्हणायचं, असंच ना? तीन आकडे पटकन म्हणाला. चार दोनदा चुकला, तिसऱ्यांदा डोळे मिटून बोटं ताटावर ठेवली आणि बरोबर म्हणाला. मग त्यानं बापाला पाच घातले. बापाला जमले नाहीत, मलाही नाही. सासूबाईंना जमले. मंडईत बसायच्या त्या पूर्वी.

उद्या अकराला फोन करते.