जांभळ्या फाउंटन ग्रासची छाटणी केव्हा करावी?

प्रश्न: पुण्यातील आमच्या गच्चीवर मोठ्या कुंडीत लावलेले जांभळे फाउंटन ग्रास पावसाळ्यात तुऱ्यांनी भरून गेले होते, मात्र डिसेंबरपासून त्याची पाती टोकाकडून वाळत असून बेटाचा मधला भाग पोकळ दिसतो. पाणी वाढवावे का?

उत्तर १: पाणी वाढवू नका, मुळे कुजतील. हे उष्ण हंगामातील गवत असल्याने थंडीत त्याची वाढ मंदावते. फेब्रुवारीअखेर पाती सुतळीने एकत्र बांधून मातीपासून ४ ते ६ इंचांवर कापावीत, म्हणजे ऊन वाढताच नवे फुटवे येतात.

उत्तर २: मध्यभाग पोकळ होणे हे बेट जुने झाल्याचे लक्षण आहे, ताई. छाटणीनंतर कडेचे जोमदार फुटवे मुळांसकट वेगळे करून लावावेत, कारण या जांभळ्या जातीला रुजणारे बी सहसा धरत नाही.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. आज वाळलेली पाती बाजूला सारून पाहिली, तर कडेला बोटभर लालसर कोंब दिसले.